खड्ग आणि खड्गी

गेल्या वर्षीं आमच्या वरच्या वर्गांत अमरकोशाचें वाचन चालूं असतां एका विद्यार्थ्यानें मध्येंच हात वर केला. "सर," तो म्हणाला, "क्षत्रियवर्गांत खड्ग म्हणजे तलवार असें आपण शिकलों, आणि येथें सिंहादिवर्गांत खड्ग म्हणजे गेंडा असें दिलें आहे. एकच शब्द दोघांना कसा?" मीं त्याला नेहमींचें उत्तर दिलें. गेंड्याच्या नाकावरील शिंग उपसलेल्या तलवारीसारखें उभें असतें. म्हणून त्या शिंगाला खड्ग म्हणत, आणि असें खड्ग ज्याच्याजवळ आहे तो खड्गी. उत्तर खरें होतें, मुलाचें समाधान झालें, आणि तास संपला.

माझें समाधान मात्र झालें नाहीं. तो प्रश्न मनांत घोळत राहिला, व त्याच्या निमित्तानें मीं जें वाचलें त्यावरून असें दिसून आलें कीं, तलवार आणि गेंडा यांचें नातें केवळ कोशकारानें जोडलेलें नाहीं. कित्येक शतकें गेंड्याचें शिंग तलवारीची मूठ होऊन राहिलें. आणि आतां आपल्या डोळ्यांदेखत त्या नात्याचा असा विलक्षण शेवट होत आहे कीं, शिंगासाठीं गेंडाही मरतो आणि शिंगासाठीं तलवारही मोडते. या दोन नाशांचें मूळ एकच आहे, आणि तें आपण समजून घेतलें पाहिजे, असें मला वाटतें. म्हणून हा लेख.

प्रथम शिंगाविषयीं दोन शब्द. गाई-म्हशींच्या शिंगांत आंत हाड असतें व वर कवच असतें. गेंड्याच्या शिंगांत हाड मुळींच नसतें. आपलीं नखें व केंस ज्या केरॅटिन नांवाच्या द्रव्याचे बनतात, त्याच द्रव्याचे बारीक तंतू घट्ट दाबून एक व्हावेत तसें हें शिंग घडलेलें असतें. तें कातडीवरच वाढतें, आणि मुळाशीं जखम न करतां कापल्यास पुन्हां उगवतें. आफ्रिकेंतील काळा व पांढरा गेंडा आणि सुमात्रांतील लहान गेंडा यांस दोन शिंगें असतात. आपल्या आसामांतील व जावांतील गेंड्यास एकच. हें शिंग कोरतां येतें, घासून आरशासारखें करतां येतें, आणि त्याचा पातळ भाग उजेडाकडे धरला असतां मधासारखा पिवळा, पारदर्शक दिसतो. कारागिराला याहून अधिक काय हवें?

म्हणून तुर्की सुलतानांच्या काळच्या कित्येक तलवारींच्या व यातघानांच्या मुठी या शिंगाच्या आहेत. इथिओपियांतील शोतेल नांवाची विळ्यासारखी वांकडी तलवार असते, तिलाही शिंगाची मूठ बसवीत. चीन देशांत या शिंगाचे पेले कोरीत, व त्यांतील सतराव्या-अठराव्या शतकांचे पेले आजही जगांतील संग्रहालयांचें भूषण आहेत. बाबर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत पेशावर व हश्तनगर यांच्या आसपासच्या रानांत गेंडे विपुल असल्याचें लिहिलें आहे, आणि एका शिंगापासून पिण्याचें पात्र व फांसे ठेवण्याची डबी केल्याचीही नोंद ठेविली आहे. आज पेशावरच्या रानांत गेंडा नाहीं. बाबराची नोंद तेवढी उरली.

आपणही यांत अगदीं निर्दोष आहोंत असें समजूं नये. गेंड्याच्या कातड्याची ढाल ही आपल्या वाडवडिलांच्या शस्त्रागारांतील मोलाची वस्तु होती. कच्छांत तर हें कातडें कमावून, घासून, त्यावर लाख चढवून इतकी सुंदर ढाल करीत कीं तिच्यांतून उजेड आरपार दिसावा. कोणी निगरगट्ट मनुष्य दिसला कीं त्याची कातडी गेंड्याची आहे असें आपण सहज म्हणतों. पण ती म्हण ज्या जनावरावरून आली त्याचें कातडें आपणच ढालींसाठीं सोलीत होतों, हें विसरतों. त्या काळीं गेंडे पुष्कळ होते व माणसें थोडीं होतीं, एवढीच काय ती सबब.

आतां येमेन देशाकडे वळूं. कारण या कथेचा मधला अंक तेथें घडला. अरबस्तानाच्या दक्षिण टोकाशीं असलेल्या त्या देशांत पुरुष कमरेला जंबिया नांवाचा वांकडा खंजीर लावतो. आपल्याकडे पूर्वीं पागोट्यावरून जसा मनुष्याचा दर्जा ओळखीत, तसा तेथें जंबियावरून ओळखतात. आणि जंबियाचें मोल पात्यांत नसून मुठींत असतें. गेंड्याच्या शिंगाच्या मुठीला सैफानी म्हणतात. ती जसजशी जुनी होते, बापाच्या हातांतून मुलाच्या व मुलाच्या हातांतून नातवाच्या हातांत जाते, तसतशी हाताच्या स्पर्शानें तिला झळाळी चढते. आणि फार जुनी झाली म्हणजे तिला कांद्याच्या आंतल्या पापुद्र्यासारखी पांढुरकी-पिवळी झांक येते, म्हणून अशा मुठीला कांद्यावरूनच नांव पडलें आहे. हें वर्णन वाचतांना मला आपल्या घरांतील जुन्या तांब्याच्या घागरीची आठवण झाली. वापरानें जी वस्तु झिजत नाहीं, उलट उजळते, तिच्याविषयीं कुटुंबाला केवढें प्रेम वाटत असेल!

इमामांच्या राजवटींत सैफानी मूठ ही मोठ्या घराण्यांचीच मिरास होती. इ. स. १९६२ मध्यें तेथें क्रांति झाली. पुढें १९७० नंतरच्या दशकांत शेजारच्या सौदी अरबस्तानांत तेलाचा पैसा वाहूं लागला, आणि येमेनी तरुण हजारोंनीं तिकडे मजुरीस गेले. खिशांत पैसा घेऊन ते परत आले तेव्हां, जें पूर्वीं फक्त सरदारांस शोभत होतें तें आपल्याही कमरेला असावें, असें त्यांना वाटलें. या इच्छेला कोण दोष देईल? परंतु तिचा परिणाम हजारों कोसांवर आफ्रिकेच्या रानांत झाला. साधारण १९७० ते १९७७ या सात-आठ वर्षांत उत्तर येमेनांत नोंदलेली शिंगांची आयात बावीस टनांहून अधिक होती. काळ्या गेंड्याच्या दोन शिंगांचें वजन मिळून सरासरी तीन किलो धरलें, तर केवळ एवढ्या मुठींसाठीं सात हजारांवर गेंडे मेले असा हिशोब होतो. अंकगणिताच्या तासाला मुलांनीं हा भागाकार करून पाहावा. शाळेंतील सगळेच भागाकार निर्जीव नसतात.

काळा गेंडा १९७० च्या सुमारास आफ्रिकेंत सुमारें पासष्ट हजार होता. १९९५ च्या सुमारास तो अडीच हजारांच्याही खालीं आला. सारा दोष येमेनचा नव्हे. पूर्वेकडील औषधाचा बाजारही त्यांत होताच. किंबहुना हे दोन बाजार एकमेकांस जोडलेले होते. साना शहरांतील कारागीर शिंगाची मूठ कोरी, तेव्हां जो भुसा व ज्या कपच्या खालीं पडत, त्या गोळा करून चिनी औषधांच्या व्यापाऱ्यांस विकीत. एस्मंड ब्रॅडली मार्टिन नांवाचे एक अमेरिकन भूगोलवेत्ते नैरोबीस राहत असत. त्यांनीं बाजारोबाजार हिंडून हीं सर्व माहिती गोळा केली व जगापुढें मांडली. इ. स. २०१८ मध्यें त्यांचा त्यांच्या राहत्या घरीं खून झाला.

येमेनी लोकांच्या श्रेयाची गोष्टही सांगितली पाहिजे. १९८२ सालीं उत्तर येमेननें शिंगाच्या आयातीस बंदी केली. १९९२ मध्यें तेथील थोर मुफ्तींनीं असा निर्णय दिला कीं, शिंगासाठीं गेंडा मारणें हें ईश्वरी इच्छेच्या विरुद्ध आहे. हळूहळू नव्या जंबियांस म्हशीच्या शिंगाच्या मुठी बसूं लागल्या. आणि तीं म्हशीचीं शिंगें पुष्कळशीं आपल्या हिंदुस्थानांतून जात. म्हशीच्या शिंगाला ती पिवळी झांक येत नाहीं हें खरें. पण त्यावांचून कोणाची अब्रू गेली असें ऐकिवांत नाहीं. कायद्यानें जें पूर्णपणें साधलें नव्हतें तें प्रतिष्ठेची कल्पना बदलल्यानें बरेंचसें साधलें.

येथें कथा संपली असती तर किती बरें झालें असतें! परंतु या शतकाच्या आरंभीं औषधाच्या बाजारानें पुन्हां उचल खाल्ली. प्राचीन चिनी वैद्यकांत शिंगाची भुकटी मुख्यतः तापावर देत. (ती कामोत्तेजक म्हणून घेतात अशी जी समजूत पाश्चात्य वर्तमानपत्रांनीं पसरविली, ती बव्हंशीं चुकीची आहे.) चीननें १९९३ सालीं हा व्यापार बंद केला व अधिकृत औषधीकोशांतूनही शिंग वगळलें. पण पुढें व्हिएतनामांत शिंगानें कर्करोग बरा होतो अशी कंडी पिकली, आणि श्रीमंत लोक तें आजाऱ्यास देण्यासाठीं, अतिथीपुढें मिरविण्यासाठीं व वरिष्ठांस नजर करण्यासाठीं घेऊं लागले. ज्या द्रव्याचीं आपलीं नखें बनलीं आहेत त्या द्रव्यानें कर्करोग बरा झाल्याचा कसलाही पुरावा नाहीं. तरी २०१२ च्या सुमारास शिंगाचा भाव किलोस साठ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या सोन्याहून अधिक, असा सांगितला जात होता. दक्षिण आफ्रिकेंत २००७ सालीं चोरट्या शिकारींत १३ गेंडे मेले होते. २०१४ सालीं १,२१५ मेले. खुद्द व्हिएतनामांतील शेवटचा रानगेंडा २०१० मध्यें काट तिएन येथील अरण्यांत मेलेला सांपडला. त्याचें शिंग कापून नेलेलें होतें.

आणि येथेंच आपल्या जुन्या तलवारीवर गदा आली. हें कसें घडतें तें आपणां सर्वांस ठाऊक असलेल्या एका दृष्टांतानें सांगतों. घरांतील जुना दागिना घेऊन आपण सोनाराकडे गेलों, तर तो दोन गोष्टींची किंमत मनांत करतो. एक वजनाची आणि एक घडणावळीची. आपल्या पणजीच्या ठुशींत नक्षी कितीही सुबक असो, सोन्याचा भाव चढला कीं तो म्हणतो, "बाई, घडण जुनी झाली, मोडींत घालूं." घडणीचें मोल मोडीच्या मोलाखालीं गेलें कीं त्या वस्तूचें दैव फिरलें असें समजावें. महाराष्ट्रांतील किती जुने दागिने, किती देवघरांतील चांदीचीं उपकरणीं अशा रीतीनें मुशींत गेलीं याची गणती नाहीं.

शिंगाच्या मुठीचें अगदीं हेंच झालें आहे. समजा एखाद्या जुन्या तलवारीच्या मुठींत पाव किलो शिंग आहे. किलोस साठ हजार हा भाव धरला, तर त्या शिंगाच्या नुसत्या भुकटीचे पंधरा हजार डॉलर होतात. फार मोठ्या घराण्याची, सोन्यानें मढविलेली तलवार असेल तर तिचें मोल याहून अधिक येईल व ती वांचेल. चीनचे उत्तम पेले यामुळेंच बरेचसे वांचतात. त्यांची घडणावळ अद्यापि मोडीहून महाग आहे. पण साध्या शिपायाची शोतेल, मध्यम स्थितींतील गृहस्थाचा जंबिया, ज्याच्यावर कोणाचें नांव कोरलेलें नाहीं असा खंजीर, यांस कोण वांचविणार? जुन्या शस्त्रांचे संग्राहक अशी तक्रार करूं लागले आहेत कीं, अशीं शस्त्रें घेणारा मनुष्य कित्येकदां पातें पाहतच नाहीं. मूठ तोलून पाहतो. मूठ निघाली कीं तिची भुकटी होते, आणि उरलेलें पातें लोखंड म्हणून कोपऱ्यांत पडतें.

मग तें पातें कसें कां असेना! जुन्या इराणी व तुर्की तलवारींपैकीं कांहींचें पोलाद असें होतें कीं त्यावर पाण्याच्या लाटांसारखे जौहर उठत. तें पोलाद कित्येकदां आपल्या दक्षिणेंतील असे. तेलंगणांतील कोनासमुद्रम् येथील पोलाद नेण्यासाठीं इराणी व्यापारी तेथवर येत असत. म्हणजे आफ्रिकेच्या रानांतील शिंग, दख्खनच्या भट्टींतील पोलाद आणि इस्तंबूल-इस्फहान येथील कारागिराचा हात अशा तीन देशांचा संगम एका वस्तूंत झालेला असतो. तिची मूठ उपटणें म्हणजे एका ग्रंथाचें पहिलें पान फाडून चूल पेटविणें होय. आणि तेंही कशासाठीं, तर जिच्यानें कोणाचा कर्करोग बरा होणार नाहीं अशा चिमूटभर भुकटीसाठीं!

चोरांनीं संग्रहालयेंही सोडलीं नाहींत. २०११ सालीं इंग्लंडांत इप्सविच येथील संग्रहालयांतून, पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांनीं पाहिलेल्या रोझी नांवाच्या भरीव गेंड्याचें शिंग तोडून नेण्यांत आलें. त्याच वर्षीं ट्रिंग येथील संग्रहालयांत चोर शिरले व दोन गेंड्यांचीं शिंगें घेऊन गेले; परंतु तेथील अधिकाऱ्यांनीं आधींच खरीं शिंगें काढून खोटीं बसविलीं होतीं! २०१७ च्या मार्च महिन्यांत पॅरिसजवळील थुआरी येथील प्राणिसंग्रहालयांत चोरट्यांनीं रात्रीं शिरून जिवंत गेंड्यास गोळी घातली व त्याचें शिंग कापलें. अमेरिकन सरकारनें २०११ पासून जी शोधमोहीम चालविली, तींत पकडलेल्यांमध्यें जुन्या वस्तूंचे व्यापारीही होते. रानांतला गेंडा, पिंजऱ्यांतला गेंडा, भुसा भरलेला गेंडा आणि तलवारीची मूठ यांत चोराच्या लेखीं भेद नाहीं. त्याला सर्वत्र वजनच दिसतें.

यावर उपाय काय? येथें विचारी लोकांत मतभेद आहे, आणि दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेण्यासारखें आहे.

संग्राहकांचा पक्ष म्हणतो : जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री मोकळी असूं द्या. गेंडा मरून शेंदोनशें वर्षें झालीं; त्याची तलवार विकल्यानें आज कोणता गेंडा मरतो? उलट बाजार मोकळा असेल तर रसिक गिऱ्हाईक येईल, घडणावळीला भाव मिळेल, आणि वस्तु मोडींतून वांचेल. तुम्हीं बंदी केली कीं रसिक दूर होतो, आणि चोरटा व्यापारी तेवढा उरतो.

दुसरा पक्ष म्हणतो : जुन्या व नव्या शिंगांतील फरक ओळखावा कसा? आज मारलेल्या गेंड्याच्या शिंगाची मूठ कोरून, धुराखालीं धरून, आजोबांची म्हणून दाखविणें कांहीं कठीण नाहीं. युरोपांतील देशांच्या नियमांत १९४७ पूर्वीं घडविलेल्या वस्तूंस सवलत होती. त्या सवलतीच्या आड जुनीं शिंगें लिलांवांत घेऊन पूर्वेकडे रवाना होऊं लागलीं, तेव्हां २०११ च्या सुमारास तेथील सरकारांस हे नियम आंवळावे लागले. कायद्यानें ठेविलेलें लहानसें भोंकही उंदराला पुरतें.

मी पुष्कळ विचार केला. आणि मला दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक सयुक्तिक वाटतें. कारण पहिल्या पक्षाच्या युक्तिवादांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही कीं रसिक नेहमींच औषधवाल्याहून अधिक पैसे देईल. उत्तम वस्तूंविषयीं हें खरें ठरेल. साध्या वस्तूंविषयीं हें खरें नाहीं, हें आपण वर पाहिलेंच. आणि नाश होतो तो साध्या वस्तूंचाच. मोकळा बाजार श्रीमंतांच्या तलवारीला वांचवितो व गरिबाच्या तलवारीला बाजारांत आणून उभी करतो. पण इतिहास केवळ श्रीमंतांच्या तलवारींचा नसतो.

तथापि नुसती बंदीही पुरेशी नाहीं, हें मला मान्य आहे. येमेनांत २०१४ पासून यादवीनें लोकांचे हाल झाले आहेत. अशा देशांत एखाद्या बापानें मुलांच्या तोंडांत घांस घालण्यासाठीं आजोबांचा जंबिया विकला, तर त्याला आपण सुरक्षित घरीं बसून काय म्हणून दोष द्यावा? त्याला "विकूं नकोस" असें सांगणाऱ्यानें "आम्ही घेतों, आणि मोडल्यावांचून ठेवतों" असेंही म्हटलें पाहिजे. म्हणून माझें मत असें आहे कीं, या वस्तूंचा खाजगी बाजार बंद असावा, परंतु सार्वजनिक संग्रहालयांचें दार उघडें असावें. त्यांनीं योग्य मोबदला देऊन अशीं शस्त्रें घ्यावींत, आणि तो पैसा सरकारांनीं व धनिकांनीं पुरवावा. दुसरें असें कीं, जेथें जेथें अशी वस्तु आहे तेथें तिचें छायाचित्र, माप व वर्णन नोंदून ठेवावें. नोंदलेली वस्तु गुपचूप नाहींशी करणें अवघड असतें. तिसरें, संग्रहालयांनीं भिंतीवर खोटें शिंग व तिजोरींत खरें शिंग ठेवण्यास लाजूं नये. ट्रिंगच्या अधिकाऱ्यांनीं तेंच केलें, आणि शहाणे ठरले.

विवेक कसा करावा याचा एक उत्तम नमुना आपल्याच देशांत घडला आहे. काझिरंग्याचें रान १९०८ सालीं राखीव झालें, तेव्हां तेथें गेंडे मूठभरच उरले होते. २०२२ च्या गणतींत ते २,६१३ भरले. या यशाबरोबर आसाम सरकारच्या कोठारांत मेलेल्या गेंड्यांचीं व चोरांकडून पकडलेलीं शिंगेंही वर्षानुवर्षें सांचलीं. २२ सप्टेंबर २०२१ रोजीं बोकाखाट येथें त्यांतील २,४७९ शिंगें जाहीरपणें जाळून भस्म केलीं. सोन्याच्या भावाची वस्तु अग्नींत घालून सरकारनें सांगितलें कीं, आमच्या लेखीं हिची किंमत शून्य आहे. पण लक्षांत घेण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. तपासलेल्या शिंगांपैकीं ९४ विशेष शिंगें अभ्यासासाठीं व वारसा म्हणून राखून ठेवण्यांत आलीं. म्हणजे काय जाळावें आणि काय जपावें हें वजनावरून न ठरवितां, त्या वस्तूपासून मनुष्यास काय शिकतां येईल यावरून ठरविलें. हाच नियम तलवारीच्या मुठींस लावला पाहिजे.

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. आपल्या देशांत १९७२ या एकाच सालीं दोन कायदे झाले. एकानें वन्य प्राण्यांस संरक्षण दिलें व गेंड्यास पहिल्या अनुसूचींत घातलें. दुसऱ्यानें शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंस संरक्षण दिलें व खाजगी मनुष्यानें त्या परदेशीं पाठविण्यास मनाई केली. कायदे करणाऱ्यांच्या मनांत त्या वेळीं या दोहोंचा संबंध असो वा नसो, आज तरी तो आपल्याला स्पष्ट दिसतो. रानांतील गेंडा हें निसर्गाचें घडलेलें खड्ग आहे, आणि शस्त्रागारांतील तलवार हें मनुष्याचें. दोघांस एकाच दृष्टीचा धोका आहे. जी दृष्टि वस्तूकडे न पाहतां तिच्या वजनाकडे पाहते.

पालकांपुढें शेवटीं एक विनंति ठेवितों. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं दसऱ्याला पुजलेली, माळ्यावर गुंडाळून ठेवलेली एखादी तलवार, कट्यार, ढाल असेल. तिची मूठ शिंगाची नसेल, चांदीची असेल, नुसती लोखंडाची असेल. जुन्या बाजारांतील मनुष्य दारावर येऊन ती वजनानें मागेल. ती देण्यापूर्वीं एकवार मुलांसमोर उलगडून पाहा. ती कोणाची, कोठून आली, घरांतील वृद्धांस तिच्याविषयीं काय आठवतें, हें मुलांकडून एका वहींत लिहवून घ्या. ढाल गेंड्याच्या कातड्याची असेल, किंवा कोठें शिंग वापरलेलें दिसलें, तर ती विकणें कायद्यानें निषिद्ध आहे हें ध्यानांत ठेवा, आणि वनखात्याच्या अधिकाऱ्यांस विचारून तिची रीतसर व्यवस्था करा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एवढेंच सांगावयाचें आहे. ज्या मुलानें तो प्रश्न विचारला त्याला मीं अर्धेंच उत्तर दिलें होतें. उरलेलें अर्धें या लेखांत दिलें आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणी वैद्य, कोणी व्यापारी, कोणी सरकारी अंमलदार व्हाल. तुमच्यापुढें वेळोवेळीं अशी वस्तु येईल कीं ती मोडली असतां अधिक पैसे मिळतात आणि जपली असतां कमी. त्या वेळीं पहिल्यानें तराजूकडे हात नेऊं नका; आधीं ती वस्तु हातांत घेऊन नीट पाहा.